पुण्याजवळ मुलांना घेऊन टेकडी, सायकल आणि एखादी रात्र तंबूत: सुरुवात कुठून करू?

नाशिककर_बावधन

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही नाशिकहून पुण्यात राहायला आलो, घर बावधनला आहे. आम्ही दोघं, मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या आहेत, पण चालायला खणखणीत.

नाशिकला असताना रविवारी सकाळी पांडवलेणी ठरलेली असायची. मुलगी अगदी लहान असल्यापासून त्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढते. पावसाळ्यात अंजनेरी, थंडीत भंडारदरा. इथे आल्यापासून मात्र काहीच जमलेलं नाही. ज्याला विचारावं तो सिंहगड सांगतो. गेलो होतो, पण घाटात गाड्यांच्या रांगेतच सकाळ संपली आणि मुलं कंटाळून गेली.

आता पाऊस ओसरलाय, दिवाळी जवळ आलीय, म्हणून विचारते. दर आठवड्याला पहाटे जाऊन नऊ-साडेनऊपर्यंत घरी येता येईल अशी चालण्याची जागा हवी आहे. मुलाला वाढदिवसाला गियरची, पुढे शॉकअॅब्सॉर्बर असलेली सायकल घेतली, ती बिचारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरते आहे. त्याला मातीच्या वाटेवर चालवायची आहे. आणि मला स्वतःला मुलांबरोबर एक रात्र तंबूत काढायची आहे. पवना धरणाच्या काठचे फोटो पाहिले. तंबूला तंबू लागलेले, मधे मोठाले स्पीकर. तसलं नको. सासूबाईंना यायचं आहे, त्यामुळे जवळपास संडास हवा. आणि खरं सांगायचं तर सापांची भीती वाटते, स्वतःपेक्षा मुलांसाठी जास्त.

अनुभवी लोकांनी सांगा.

वेताळटेकडी_पहाटे

पुण्यात स्वागत! मी गोखलेनगरला राहते, शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. टेकडीवर रोज जाते आणि सुट्टीत आसपासची मुलं गोळा करून नेते, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी एक आग्रहाची गोष्ट. दर रविवारी नवीन जागा शोधू नका. आठवड्यासाठी एक टेकडी धरा आणि मुक्कामासाठी एक वाडी. त्याच दोन जागी वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत जा. मुलांना जागा तेव्हाच आपली वाटते जेव्हा त्यांना तिथलं पुढचं वळण आधीच माहीत असतं. पांडवलेणीचं तुमचं तसंच झालं होतं ना?

टेकडी म्हणाल तर वेताळ टेकडी. शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. तुम्हाला पाषाणची पंचवटीची बाजू जवळ पडेल. तिथून मळलेली वाट आहे, चढ सोसवेल असा आहे, ७ वर्षांची मुलगी रमतगमत वेताळबाबाच्या देवळापर्यंत सहज जाईल. सासूबाईंना चढायचं नसेल तर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत येते आणि तिथून देवळाकडे जवळजवळ सपाटीवरून चालत जाता येतं. त्या तिकडून, तुम्ही इकडून, आणि भेट देवळापाशी. आमच्याकडची बरीच घरं असंच करतात.

वर जुनी दगडखाण आहे, ती मुलांना नक्की दाखवा. काठावरून, हात धरून. कडे सरळ तुटलेले आहेत आणि पाण्यात उतरायचं नाही. खाणीच्या भिंतीकडे नीट पाहिलं तर बेसाल्टचे थर दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. एखादा सुटा दगड मुलीच्या हातात द्या आणि त्यातली बारीक बारीक भोकं मोजायला सांगा. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. वर्गात फळ्यावर चित्रं काढून जे समजायचं नाही ते मुलांना इथे एका मिनिटात कळतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं धरतात. मोज्यात शिरली की मुलं रडकुंडीला येतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला, लोकरी किंवा जाड सुती मोजे नकोत. सकाळी सहा-साडेसहाला चढलात तर मोर दिसतील, निदान ऐकू तरी येतील. झाडी पाहाल तेव्हा मुलाला एक गोष्ट सांगा: दाट हिरवं दिसतं ते बरंचसं गिरिपुष्प आहे, बाहेरून आणून लावलेलं, त्याच्याखाली आपल्याकडचं फारसं काही वाढत नाही. टेकडीचं मूळ रूप म्हणजे गवताळ उतार आणि मधे मधे विखुरलेली झाडं. ते अजून काही बाजूंना शिल्लक आहे.

शिल्लक हा शब्द मी विचार करून वापरते आहे. या टेकडीच्या पायथ्याने रस्ता आणि पोटातून बोगदे काढायचे बेत कित्येक वर्षं चालू आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुणेकरांची मोठी पदयात्रा निघाली, त्यात आजी-आजोबा होते तशी शाळेतली मुलंही होती. तुमची मुलं दर रविवारी इथे यायला लागली की तीही या टेकडीची माणसं होतील. मला त्याचं फार मोल वाटतं. आणि जानेवारीनंतर गवताला आग लागलेली दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोटो काढत थांबू नका. पाच मिनिटांनी फरक पडतो.

आता मुक्काम. पहिल्या वेळी राजमाचीचा किल्ला. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी या किल्ल्याखालच्या वाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, चढ-उतार फारसा नाही. ७ वर्षांच्या मुलीला सगळा चालवू नका. स्थानिक जीप मिळतात, सासूबाई आणि ती जीपने येऊ देत. कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी कर्जतकडची वाट सुंदर आहे पण दमवणारी, ती मुलं मोठी झाली की. उधेवाडीत घरोघरी जेवणाची आणि राहण्याची सोय होते. तुम्ही तंबू घराच्या अंगणात ठोका. संडास घरचा, जेवण घरचं, झोप मात्र तंबूत. रात्री मुलीला भीती वाटली तर घराचं दार दहा पावलांवर असतं. पहिल्या मुक्कामाला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांपैकी एकच करा. दोन्ही उरकायच्या नादात मुलांना तोंडावर ऊन घ्यावं लागतं. श्रीवर्धन उंच आहे, दोन्हींच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे, तिथे सासूबाई बसू शकतील. परतताना उदयसागर तलावाकाठचं शंकराचं जुनं देऊळ पाहा. कातळावर, गुहांच्या कपारीत आग्यामाश्यांची पोळी असतात. तिथे धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही, अंगावर अत्तर किंवा डिओ नको. गडांवर माश्या उठून पर्यटक जखमी झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

सापांबद्दल मनमोकळं विचारलंत ते चांगलं केलंत. आपल्याकडे विषारी म्हणून जपायचे ते चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावलेलं कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून उघड्यावर सतरंजी टाकून झोपण्यापेक्षा चेन पूर्ण लावलेला तंबू कितीतरी सुरक्षित. चेन उघडी टाकायची नाही, हा एक नियम मुलांना पाठ करून घ्या. बूट तंबूच्या आत. सकाळी घालण्याआधी झटकायचे, विंचवासाठी. दगड हाताने उलटायचा नाही. अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊलही नाही. एवढं पाळलं की भीती बाळगण्याचं कारण उरत नाही. तरीही दंश झालाच तर कापणं, चोखणं, दोरी करकचून बांधणं यातलं काहीच नको. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. तिथे प्रतिसर्पविष असतं. उधेवाडीहून लोणावळ्याला उतरायला कच्च्या रस्त्याने वेळ लागतो, म्हणून रात्री वाडीत एखादी जीप आहे ना हे जेवतानाच विचारून ठेवा.

राजमाची अंगवळणी पडली की पुढच्या थंडीत आहुपे. मंचर, घोडेगाव, डिंभे करत जायचं. घाटमाथ्याच्या कड्यावरचं गाव, खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगड दिसतात, देवराई आहे, आणि भोवती हिरड्याची झाडं. हिरडा गोळा करणं ही तिथल्या लोकांची मोठी मिळकत आहे. तो भीमाशंकरचा पट्टा, म्हणजे शेकरू दिसायची आशा आहे. आपला राज्यप्राणी मुलांनी झाडावर पाहिलेला बरा.

रुंद_टायर

ताई, सायकलचं मी सांगतो. काकूंच्या टेकडीवर मुलाची सायकल नेऊ नका. वाटा अरुंद आहेत, सकाळी ज्येष्ठ मंडळी असतात, आणि चाकांनी उतारावर चर पडले की पावसात तिथूनच माती वाहून जाते. ती चालणाऱ्यांची जागा आहे आणि ती तशीच राहावी असं मला सायकलवाला असूनही वाटतं.

बावधनहून दोन गोष्टी सोप्या. पहिली म्हणजे भूगावचा मानस तलाव, पण हमरस्त्यावर गाड्या फार, तेव्हा तिथपर्यंत सायकल गाडीला लावून न्या. दुसरी आणि माझी लाडकी म्हणजे शिवणे, उत्तमनगर, मग कुडजे आणि आगळंबे. खडकवासल्याच्या पाण्याच्या या अंगाने रस्ता जातो, उत्तमनगर मागे टाकलं की रहदारी कमी होते. वाटेत शेतांकडे जाणाऱ्या पाणंदी लागतात. मातीवर चालवायला शिकण्यासाठी पाणंद उत्तम. कोणाच्या शेताशी संपत असेल तर विचारून जायचं, आणि समोरून बैल किंवा शेरडं आली तर उतरून बाजूला उभं राहायचं.

सायकलच्या दुकानात टायरमध्ये दगडासारखी कडक हवा भरून देतात. त्या हवेवर मुरमाच्या उतारावर चाक पकड धरतच नाही. मुलाच्या वजनाला ३० पीएसआयच्या आसपास पुरे. टायरच्या कडेवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. उतारावर सीट खाली करा, पेडल आडवे ठेवून ढुंगण सीटवरून उचलायचं आणि मागे न्यायचं. पुढचा ब्रेक एका बोटाने, थोडाथोडा. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की मुलगा हँडलवरून पुढे जाईल. हे सगळं आधी रिकाम्या मैदानात तास-दोन तास करून घ्या, थेट उतारावर नको.

आणि सराटे! ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत पाणंदींवर सराट्यांचे काटे पसरलेले असतात, शिवाय बाभळीचे वेगळेच. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, भरून घ्या आणि एक जादा ट्यूब, पान्हे, पंप बरोबर ठेवा. १२ वर्षांच्या मुलाला ट्यूब बदलता यायलाच हवी. घरी जमिनीवर बसून करू द्या, डोळे मिटून करता आलं पाहिजे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सायकल चालवायच्या आधी हेच करायला लावतो, आणि एकदा का ते जमलं की त्यांच्या चालण्या-बोलण्यात फरक पडतो.

दोन-तीन महिने सराव झाला की राजमाचीचा रस्ता त्याने सायकलवरून करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिखल आणि ओढे, तेव्हा मुलाला घेऊन नको. वाडीजवळचा शेवटचा भाग सुट्या दगडांचा आहे, तिथे ढकलत न्यावी लागली तर न्यावी. जीप मागून येतच असेल, दमला तर सायकल टपावर. एकाच दिवशी जाऊन-येऊन करायला लावू नका.

हेल्मेटशिवाय पेडल नाही, हे तुमच्या यजमानांनाही लागू, कारण मुलगा त्यांच्याकडे बघूनच शिकणार.

मावळातला

ताई, मी घाटमाथ्यावरच्या एका वाडीचा. राजमाचीचा नाही, पण आमच्याकडेही माणसं राहायला येतात. यजमानाच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. किती माणसं, लहान किती, शाकाहारी की कसं, सगळं सांगा. आमच्याकडे दुकान नसतं, माल खालून आणावा लागतो. मग ऐनवेळी चारजणांचे सहाजण झाले की घरच्या बाईची तारांबळ होते आणि ती कधी बोलून दाखवत नाही. निम्मं जेवण घरून आणून फक्त भाकरी मागणारेही येतात. तसं करू नका. आमच्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ, पिठलं, ठेचा, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, मुलांना दूध. ताट मनापासून वाढलेलं असतं आणि ते दोन पैसे घराला लागतात.

दिवाळीच्या आसपास भात कापणीचे दिवस असतात. बांधावरून चालायला हरकत नाही पण उभ्या भातात मुलं शिरू देऊ नका, आणि सायकलवाल्या दादांना सांगतो, खळ्यावर गाडी किंवा सायकल लावू नये. तिथे धान्य पडतं.

पाण्याचं जास्त महत्त्वाचं. धो धो पाऊस आमच्यावर पडतो पण कातळामुळे तो मुरत नाही, सगळा वाहून जातो. मार्चनंतर विहिरी तळाला जातात आणि बाया लांबून हंडे आणतात. एप्रिल-मेमध्ये आलात तर प्यायचं पाणी बरोबर आणा आणि आंघोळ घरी गेल्यावर करा.

काजवे बघायला मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला लोक येतात. यायचं तर शनिवार-रविवार सोडून या. झाडाखाली जाऊन फांद्या हलवणारे, मोबाइलचे दिवे मारणारे इतके असतात की काजवेच विझतात. त्यांची मादी गवतात, जमिनीजवळ असते, ती पायाखाली जाते. लांब बसून डोळे अंधाराला सरावू द्या, मग हिरडा, बेहडा, सादड्यावर जे दिसतं ते मुलं जन्मभर विसरत नाहीत.

आजी येणार असतील तर आधी सांगा, खाट टाकून ठेवू.

नाशिककर_बावधन

तुम्हा तिघांचे किती आभार मानू! मुलाने रुंद_टायर दादांचं वाचून लगेच टायर सोडले आणि पुन्हा भरले. सासूबाईंनी मावळच्या दादांचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचून घेतला.

काकू, अजून दोनच प्रश्न. राजमाची डिसेंबरात करायचा विचार आहे. मुलीला तंबूत थंडी बाधेल का? आणि तंबू विकत घेऊ की भाड्याने?

वेताळटेकडी_पहाटे

भाड्याने. एक रात्र काढल्याशिवाय आपल्याला केवढा लागतो, कसला लागतो हे कळत नाही. दुकानात चौघांचा म्हणून विकतात त्यात दोन मोठे आणि दोन मुलं जेमतेम मावतात. घेण्याआधी दुकानाबाहेर एकदा उभा करून बघा: काठ्या सगळ्या आहेत का, चेन शेवटपर्यंत लागते का, जाळीला भोक नाही ना. खुंट्यांवर विसंबू नका. आपल्या पठारांवर माती वीतभरसुद्धा नसते, खाली लगेच मुरूम किंवा कातळ, पातळ खुंटी वाकते. चार दोऱ्या जादा ठेवा आणि वजनदार दगडांना बांधा. दगड गोळा करताना पायाने हलवून, मग उचलायचे. ते काम मोठ्यांचं.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. म्हणून अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षा खाली चांगलं अंथरा: आधी प्लास्टिक, त्यावर कॅरीमॅट, त्यावर घोंगडी. घरात जुनी घोंगडी असेल तर तीच न्या, ती ओलसर झाली तरी ऊब धरते. मुलीला कानटोपी आणि झोपण्यासाठी वेगळे कोरडे मोजे, दिवसभराचे घामाचे काढून टाकायचे. तंबू गच्च बंद केला तर श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि पहाटे थेंब पडतात, म्हणून वरच्या खिडकीचं कापड उघडं ठेवा, जाळीची चेन मात्र लावलेलीच, म्हणजे साप येत नाही. पहाटे बाहेरून दवाने तंबू भिजलेला असेल. ऊन येईपर्यंत घडी घालू नका, ओला गुंडाळलात तर दुकानदार कुरकुर करेल आणि त्याचं बरोबर असेल.

शेकोटी मुलांना आवडते, ती अंगणात घरच्या लोकांनी लावू दे, त्यांच्याच लाकडांनी. रानातली फांदी तोडायची नाही आणि झोपताना पाणी ओतून पूर्ण विझवायची. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं.

त्याआधी टेकडीवर तर या. या रविवारी सहाला मी आणि आमच्या गल्लीतली चार-पाच मुलं पंचवटीच्या बाजूने चढणार आहोत. तुमची दोघं आली तर माझ्याजवळ दोन भिंगं जास्तीची आहेत, दगड बघायला. वर पाणी मिळत नाही, प्रत्येकाची बाटली वेगळी आणा.

नाशिककर_बावधन

येतो काकू. सासूबाई एआरएआयच्या बाजूने येतील, साडेसातला देवळापाशी.